गाडी गेल्यावर परत म्हण

३ ऑक्टोबर

शेतीला दोन हंगाम, जपानी चित्रमालिकांना चार. दर तीन महिन्यांनी पेरणी, बारा भागांत कापणी, आणि पुढच्या हंगामात मागचं पीक कुणाच्या लक्षातही राहत नाही. मी ‘कार्टून’ म्हणालो की मुलगी फोनवरून डाफरते, ‘बाबा, ॲनिमे म्हणा.’ म्हणतो. ज्याच्यावर चूल पेटते त्याला नावं ठेवू नयेत. मतं ठेवायला हरकत नाही.

डॉक्टर म्हणाले, झोप येत नसेल तर डोक्यातलं कागदावर उतरवा. म्हणून हा उद्योग. गोळ्यांपेक्षा स्वस्त.

या खेपेला आमच्या स्टुडिओत दोन मालिका मराठीत व्हायला आल्यात. पहिलीत एक कारकून कामाच्या ओझ्याखाली मरतो आणि दुसऱ्या जगात किटली होऊन जन्मतो. बोलणारी किटली. मागच्या हंगामात तो तलवार झाला होता, त्याआधी आठ पायांचा कोळी. दर हंगामात एक तरी कारकून असा मरतोच. मालक मरत नाही, तेवढंच समाधान.

दुसरी शाळेतली प्रेमकथा. अबोल मुलगी, भला मुलगा. मुलाचं बाक खिडकीशी, शेवटून दुसरं. अशा कितीतरी मालिका केल्या, ते बाक एकदा जागचं हललं असेल तर शपथ. बाराव्या भागात मुलगा गाव सोडणार हे पहिल्याच भागात कळतं. तोवर ती त्याला सांगणार की नाही, एवढाच काय तो प्रश्न.

संवाद लिहिणाऱ्या बाईंनी पहिल्या भागाचं मराठी हातात ठेवलं. मी चाळून म्हणालो, ‘बाई, हे दोघं बारा भाग करतात काय?’

‘एकमेकांकडे बघतात.’

‘आणि?’

‘समोरचा बघत नसला की बघतात.’

नुसतं ऐकून दमलो.

९ ऑक्टोबर

किटलीचे संवाद दिवसभर. किटलीचा आवाज करणारा गृहस्थ घसा बसून घरी गेला.

झोप नाहीच, तेव्हा पहिल्यापासून लिहितो. सभांना लाऊडस्पीकर लावणाऱ्याच्या हाताखाली मी वायरी गुंडाळत असे. भोंगा कुठून कुरकुरतोय हे लांबून सांगायचो. त्या कानांवर इथवर आलो. दोन खोल्या, मधे जाड काच, भिंतींना कापूस आणि कापड, अलीकडे यंत्रं, पलीकडे माइक. कलाकारानं शब्द चावला, पोटात भूक आहे, घरी भांडून आलाय, सगळं मला ऐकू येतं. आवाजाची निवड मी डोळे मिटून करतो. पडद्यावर कुठला टेक कितवा हे बघत नाही. डोळे उघडे असले की माणूस नाव बघून निवडतो.

बाई आमच्या लेखिका. जपानी शिकलेल्या. मूळ संवाद मराठीत आणतात आणि मग सगळी पात्रं स्वतःच वाचून एक कच्ची फीत भरतात. मुलगी, मुलगा, मास्तर, मांजर, सगळं बाईच. पडद्यावरच्या तोंडाशी शब्द जुळतात की नाही ते त्यावरून कळतं. कलाकार आले की कानात ती फीत ऐकून बोलतात. नंतर कच्चा आवाज बंद करायचा. किती वर्षं झाली याला, ते बाईंना विचारायला हवं. आमची ही होती तेव्हापासून. ती जाऊनही आता आठ वर्षं होतील.

१५ ऑक्टोबर

छत्रीचा भाग. दोघांत एक छत्री आणि मुलाचा पलीकडचा खांदा भिजलेला. प्रत्येक मालिकेत हा खांदा भिजतो. मी म्हणालो, दोन छत्र्या परवडत नाहीत का यांना? एवढा पुढारलेला देश.

नायिकेचा आवाज चिमणीचा. चिमणी म्हणजे आमची सगळ्यात जुनी कलाकार. दोन मुलांची आई, घरी सासूशी ढाल्या आवाजात भांडते, काचेपलीकडे गेली की सोळा वर्षांची. या पोरींना बोलण्यापेक्षा दचकणंच जास्त असतं. मुलाचा हात लागला, ‘अ’. त्यानं पाहिलं, ‘अ’. एका भागात तिला पंधरा-वीस वेळा दचकावं लागतं.

‘मालक,’ ती म्हणाली, ‘आपल्याकडे असा आवाज पायात काटा रुतला की येतो.’

‘मग काटा रुतलाय असं समज.’

‘एवढे काटे रुतले असते तर पोरगी घरी बसली असती.’

बाई संवादांत डोकं घालून हसल्या. आज त्यांच्या साडीचा एक खांदा ओला होता. बसथांब्यापासून आम्ही बरोबर आलो. पाऊस होता. मी कोरडा होतो.

२० ऑक्टोबर

बाईंची आई उन्हाळ्यात गेली. आता घरी त्या एकट्याच. दुसऱ्या गावी भाऊ असतो, त्यानं आणि वहिनीनं बोलावून घेतलंय. एक खोली रिकामी करून ठेवली आहे म्हणे. जेवायच्या सुट्टीत बाईंनी विचारलं, ‘काय करू, मालक?’

मी विचार करून सल्ला दिला. पोक्त माणसानं द्यावा तसा. म्हणालो, ‘जा. उतारवयात आपलं माणूस जवळ हवं. इथं कोण आहे तुम्हाला?’

बाई डब्याचं झाकण लावत राहिल्या. झाकण लागत होतं तरी लावत होत्या.

‘हा हंगाम पुरा करते,’ म्हणाल्या. ‘मग जाते.’

दुपारी मी हेडफोन चढवून बसलो होतो. बाई दारात येऊन काही बोलल्या. मी एक कान मोकळा करून विचारलं, ‘काय म्हणालात?’

‘काही नाही. दिवा चालू राहिलाय बाहेरचा.’

जाऊन पाहिलं तर बंद होता. बाईंचंही वय होत चाललं.

२ नोव्हेंबर

बाईंच्या जागी लेखक शोधतोय. आज एकजण आला. पदव्या खूप. त्याला नमुन्याला दोन पानं दिली. नायिका म्हणते, ‘तुझ्या सहवासाविना माझे जीवन अर्थशून्य आहे.’ पोरीचं तोंड मिटलं तरी वाक्य चालूच. पोट बोलतंय असं वाटायला लागलं. दुसरी एक आली, तिला जपानी येत नव्हतं, इंग्रजीवरून करीन म्हणाली. करील बिचारी. उसाचा रस काढून उरलेल्या चिपाडाचा पुन्हा रस.

बाईंना म्हणालो, ‘तुमच्यासारखं मिळत नाही हो कुणी.’

‘मिळेल. सवय लागायला वेळ लागतो.’

‘तुमची लागायला लागला नव्हता.’

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मला वाटतं त्यांना दगदग होतेय सगळ्याची. मलाही होतेय. जिना चढताना मधे थांबतो आणि भिंतीवरच्या नोटिसा वाचल्यासारखं करतो.

८ नोव्हेंबर

सहावा भाग. याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

रेल्वेचं फाटक. संध्याकाळ. पोरगी धीर एकवटून तोंड उघडते, सांगते, आणि नेमकी तेव्हाच गाडी धडधडत जाते. ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. गाडी गेली की हा ठोंब्या विचारतो, ‘काय म्हणालीस?’ आणि ती म्हणते, ‘काही नाही.’

दर हंगामात हेच. गाडी नसेल तर आतषबाजी, आतषबाजी नसेल तर वारा. नायकाचे कान नेमके तेवढ्यापुरते जातात. मी मिक्सिंग करता करता काचेवर थाप मारली. ‘अरे, गाडी काय जन्मभर चालणार आहे? ती गेल्यावर परत म्हण की! आणि तू रे, दगडा, परत विचार!’

बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘एकदा खर्च झालेला धीर लगेच नाही भरून येत, मालक.’

‘मग त्यानं ओळखावं.’

‘हो. त्यानं ओळखावं,’ बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या. बसला अजून वेळ होता.

१६ नोव्हेंबर

तीन दिवस तापानं झोपून. काम खोळंबलं. गंमत म्हणजे मालिकेतही याच आठवड्यात आजारपणाचा भाग आहे. हाही ठरलेला. मुलगा तापानं पडतो, मुलगी शाळेतले कागद द्यायच्या निमित्तानं येते, कपाळाला हात लावते, तो झोपेत तिचा हात धरतो. मी म्हणतो, शाळेचे कागद टपालानं पाठवता येतात.

काल बाई आल्या होत्या, आठव्या भागाचे संवाद द्यायला. थर्मासमध्ये सूप होतं, घरी जास्त झालं म्हणाल्या. पर्समध्ये थर्मामीटरही निघाला. काही माणसं कशी तयारीची असतात. ताप उतरेस्तोवर बसून राहिल्या, खिडकीशी काहीतरी वाचत. जागा झालो तर पांघरूण बदललेलं होतं.

संवाद आज सकाळी पाहिले. ते आठवड्यापूर्वीच दिलेले होते. तेच परत आणले. जायच्या गडबडीत बाईंचं लक्ष नाही.

२३ नोव्हेंबर

मुलीचा फोन. तिच्या पदरात आता मूल आहे, पण ॲनिमेचं वेड तसंच. तिची मतं ऐकली. या हंगामातली किटली तिला फार आवडते. आमची प्रेमकथा बरी आहे म्हणे, पण शेजारची मैत्रीण हरणार म्हणून ती नाराज.

‘कुठली मैत्रीण?’

‘बाबा, लहानपणापासून सोबत असते ती. डबा आणते, छत्री धरते, सगळं समजून घेते. नेहमी हरते. नियमच आहे तसा.’

‘का पण?’

‘कारण त्याला ती दिसतच नाही. रोज समोर असते ना.’

‘दिव्याखाली अंधार,’ मी म्हणालो.

ती फोनवर हसली. मग म्हणाली, ‘तुम्हाला ही म्हण येते, हेच विशेष.’ आणि विचारलं, ‘मावशी कधी निघणार?’ बाईंना ती लहानपणापासून मावशी म्हणते. म्हटलं, डिसेंबरअखेरीला. म्हणाली, ‘तुम्ही काय म्हणालात त्यांना?’ म्हटलं, जा म्हणालो, चांगला सल्ला दिला. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही खिडकीशी बसायला हवं होतं. शेवटून दुसरं बाक.’

तिकडून नातवानं भोकाड पसरलं आणि फोन बंद झाला. पोरीचं बोलणं अलीकडे अर्धवट असतं.

१ डिसेंबर

नावाचा भाग. जपानी पोरं एकमेकांना आडनावानं हाक मारतात. बरेच भाग आडनाव, आडनाव, आणि मग एक दिवस एकजण नाव घेतो. झालं. दोघांच्या गालांवर लाजेच्या तिरप्या रेघा, मागे पियानो, पोरगी घरापर्यंत पळत. नाव घेतलं फक्त. आपल्याकडे शेंबड्या वयापासून एकमेकांना अरे-तुरे आणि वर टोपणनावं. हे मराठीत आणायचं कसं? बाईंनी दोन दिवस घेतले आणि पोरगी त्याला इतके भाग कुठल्याच नावानं हाक मारत नाही असं केलं. नुसतं ‘ऐक ना’, ‘अरे’. मग आज एकदाच नाव.

ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. दमलेलं अंग, थंडीही होती.

गमतीनं म्हणालो, ‘बाई, तुम्ही मला मालक म्हणता, मी तुम्हाला बाई. आपल्या मालिकेला किती भाग झाले?’

‘लांबली आहे,’ बाई म्हणाल्या. ‘आता बंद होतेय तर कशाला मोजायचं.’

७ डिसेंबर

बारावा भाग हातात आला. सगळं एका वाक्यावर येऊन अडलंय.

फलाट. गाडी सुटायला आलीय. पोरगी धावत येते आणि म्हणते, ‘सुकी.’ म्हणजे आवडतोस. जपानीत एवढंच पुरतं. पडद्यावर तोंड दोनदा उघडतं, मिटतं, मग रडते. आपलं ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ त्यात मावत नाही. पहिल्या दोन शब्दांतच तिचं तोंड मिटतं.

बाईंनी लिहून आणलं, ‘थांब ना.’

मी म्हणालो, ‘ती प्रेम सांगतेय, बाई. तुम्ही गाडी थांबवताय.’

‘आपल्याकडे प्रेम आहे असं कोण म्हणतं, मालक? तुम्हाला कुणी म्हटलंय?’

आठवून पाहिलं. आमची ही म्हणायची, स्वेटर घातलात का. अख्ख्या संसारात तेच.

‘नाही,’ म्हणालो.

‘ज्या बाईला सांगायचं असतं ती एवढंच म्हणते. तेही जमलं तर.’

चॅनलच्या साहेबांचा फोन आला, ‘प्रेम’ हा शब्द पाहिजेच, जाहिरातीत घ्यायचाय. मी त्यांना म्हणालो, साहेब, तोंड मिटल्यावर पोरीनं कुठून बोलायचं ते कळवा, तसं करतो. मान्य झालं. ‘थांब ना’ राहिलं.

मग बाईंनी कच्ची फीत भरली. त्या वाक्याला एकदा थांबल्या. पाणी प्यायल्या. परत म्हटलं. एका दमात झालं.

१४ डिसेंबर

शेवटच्या भागाचं मिक्सिंग मी स्वतः केलं. चिमणीनं ‘थांब ना’ सातआठ वेळा दिलं. एकात साखर जास्त, एकात रडू जास्त. सगळे टेक एका रांगेत लावून डोळे मिटून ऐकत बसलो. पुन्हा पुन्हा. शेवटी एक असा आला की हात आपोआप थांबला. साखर नाही, रडू नाही. दाराशी उभं राहून कुणीतरी म्हणावं तसं, आणि ऐकलं नाही तर निघून जावं तसं. तोच ठेवला. चिमणीनं कमाल केली. तिला सांगायचं राहून गेलं.

बाईंचं टेबल आवरायला लागलंय. दौत-पेनांचा डबा गेला, शब्दकोश खोक्यात गेले. टेबलावर त्यांच्या कपाच्या तळाचा गोल डाग आहे. पुसून पाहिला, जात नाही.

२१ डिसेंबर

शेवटचा भाग प्रसारित झाला. मी घरी एकट्यानं पाहिला. बरा झालाय. त्या वाक्याला चहा निवला माझा.

२२ डिसेंबर

सकाळीच चिमणी हजर. कमरेवर हात.

‘मालक, माझं वाक्य कुणी म्हटलं?’

‘कुठलं?’

‘जे एकच होतं ते. काल टीव्हीसमोर सगळं घर बसलेलं. माझा धाकटा म्हणाला, आई, हा तुझा आवाज नाही. सासूबाई म्हणाल्या, तरी मी म्हणतेच, हिच्या तोंडून इतकं चांगलं कसं निघालं.’

मी म्हणालो, तुझाच आहे, वेडी आहेस का. लावून दाखवलं. डोळे उघडे ठेवून. पडद्यावर त्या पट्टीशी लिहिलं होतं, कच्ची फीत. बाईंचा आवाज. बंद करायचा राहिलेला, चिमणीच्या टेकांच्या रांगेत येऊन बसलेला, आणि मी निवडलेला.

उभ्या आयुष्यात माझ्याकडून अशी चूक झालेली नाही. वायरी गुंडाळायच्या काळातही नाही. मी चिमणीची माफी मागितली. तिला राग नव्हताच. तापातल्या माणसाकडे लोक बघतात तशी ती माझ्याकडे बघत होती.

‘मालक, तुम्हाला एका श्वासावरून माणूस ओळखू येतो. बाईंचा आवाज ओळखू आला नाही?’

‘परका वाटला नाही,’ मी म्हणालो. ‘वेगळा काढून ऐकायचा असतो हे लक्षातच आलं नाही.’

‘हं,’ चिमणी म्हणाली. ‘आता हे जे बोललात ना, ते माझ्यापुढे बोलून उपयोग नाही.’

मी विचारलं, ‘चॅनलपुढे?’

तिनं कपाळावर हात मारला आणि काचेपलीकडे निघून गेली.

बाईंना फोन केला. त्यांनीही भाग पाहिला होता. म्हणाल्या, ‘चुकून झालं असेल.’ म्हटलं, हो, चुकूनच. ‘मग बदला,’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. आवाजात काहीतरी होतं. मला कळलं नाही. मला, ज्याला सगळं ऐकू येतं.

२६ डिसेंबर

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. मन थाऱ्यावर नव्हतं. एका बंद खोलीत बसवून कानात बारीक आवाज सोडले. ऐकू आला की बटण दाबायचं. तिथला कापूस हलक्या प्रतीचा होता, लिफ्टचा आवाज आत येत होता, तेही सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या वयाला इतके चांगले कान मी पाहिले नाहीत.’

‘नीट बघा. माझी मोठी चूक झालीय.’

‘कानांत काही नाही हो. तुमची तक्रार नेमकी काय आहे?’

सांगायला लागलो. एक आवाज रोज ऐकतो, इतका की तो आवाज आहे हेच विसरलो. त्या आवाजानं परवा एक गोष्ट सांगितली, ती मी सगळ्या आवाजांतून निवडली, आणि कुणाची आहे हे कळलं नाही. डॉक्टर पेन हातात धरून ऐकत होते. पेन टेकवलं नाही.

‘यावर माझ्याकडे औषध नाही,’ म्हणाले.

चालत घरी आलो. वाटेत ओला खांदा आठवला. मग थर्मामीटर. मग दारातला दिवा, जो बंदच होता. एका बाकावर बसलो. उठवेना. एवढी वर्षं हेडफोन चढवून मी ऐकत काय होतो?

२९ डिसेंबर

चॅनलकडून निरोप. त्या वाक्यावर लोक फार खूश आहेत, पुन्हा दाखवताना तेच ठेवा. चिमणीनं हसत मान्य केलं. बाईंची संमती घ्यायला हवी. हे निमित्त बरं आहे. मी अजून निमित्तच शोधतोय.

बाईंचं सामान उद्या सकाळी जाणार. टेम्पो ठरलाय.

३० डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी बाईंच्या घरी गेलो. तिसरा मजला. नोटिसा वाचल्यासारखं न करता चढलो. घर रिकामं झालं होतं. खोकी खाली टेम्पोत चढली होती. बाई कुलूप हातात घेऊन दाराशी.

‘मालक, तुम्ही कशाला आलात?’

‘तुमचा आवाज पाहिजे. पुन्हा दाखवायला. संमती हवी.’

‘दिली,’ बाई म्हणाल्या. कुलूप लावलं.

जिन्यानं खाली आलो. एकेक पायरी संपत होती आणि मी बोललो नाही. खाली ड्रायव्हरनं इंजिन चालू करून ठेवलेलं. टेम्पो जुनाट, सगळा पत्रा थडथडत होता. बाईंनी पुढच्या सीटवर पिशवी ठेवली, दार धरलं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो. त्याच वेळी त्या गाढवानं ॲक्सिलरेटर दाबला.

बाई म्हणाल्या, ‘काय म्हणालात?’

मी उभा. समोर बाई, मधे धूर. ज्या पोराला आणि ज्या पोरीला मी बारा भाग शिव्या घातल्या ती दोघं माझ्या डोळ्यांपुढे आली. खरं सांगतो, ‘काही नाही’ हे शब्द जिभेवर आले होते. फार सोपे आहेत ते. दमलेल्या माणसाला तर फारच.

मी टेम्पोला वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलो. म्हणालो, ‘दादा, इंजिन बंद कर.’

‘परत चालू व्हायला त्रास देतं, साहेब. थंडी आहे.’

‘मग नको चालू होऊ दे.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. पत्रा गप्प झाला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी चादर झटकली, तेवढं ऐकू आलं. मी परत फिरून बाईंसमोर आलो.

‘थांबा ना,’ म्हणालो.

बाईंनी दार सोडलं नाही. मग म्हणाल्या, ‘पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.’

‘मग काय म्हणालात असं का विचारलंत?’

‘परत म्हणता का, ते बघायचं होतं.’

ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, ‘साहेब, जायचंय की नाही ते एकदा ठरवा.’

बाई म्हणाल्या, ‘भावाला काय सांगू? वहिनीनं पडदे लावलेत खोलीला.’

‘सांगा, नवा हंगाम सुरू झालाय.’

‘त्यात काय आहे?’

‘एक कारकून मरतो आणि चप्पल होतो. आणि एक शाळा आहे. खिडकीशी बाक.’

‘शेवटून दुसरं?’

‘शेवटून दुसरं.’

बाई हसल्या. डोळे पुसायला पदर शोधला, तो टेम्पोच्या दारात अडकला होता. मी सोडवून दिला. भाऊ काय म्हणेल, लोक काय म्हणतील, मुलीला कसं सांगायचं, काहीच ठरलेलं नाही. मुलीला बहुधा सांगावं लागणार नाही.

खोकी परत तीन मजले चढवली. ड्रायव्हरनं वर नेण्याचे वेगळे पैसे घेतले आणि शब्दकोशांची दोन मलाच उचलायला लावली. आता गुडघे बोलतायत, कंबर बोलतेय. सगळं ऐकू येतंय.

शेवटचं खोकं वर ठेवून मी जिना उतरायला लागलो तेव्हा बाईंनी वरून हाक मारली. मालक म्हणून नाही. काय म्हणून, ते इथं लिहिणार नाही.